कळांकडे न बघता

४ नोव्हेंबर, मंगळवार

आईला पुन्हा हॉस्पिटलात आणलं. श्वास पुरत नाही तिला. धाकटा भाऊ अ‍ॅम्ब्युलन्समध्ये तिच्याजवळ बसला, मी सामान घेऊन मागून टॅक्सीनं. उशी, चष्मा, मऊ टॉवेल, पायमोजे — सगळं आठवणीनं घेतलं. तिचा संगणक मात्र घरी राहिला. बाहेरचं यंत्र वॉर्डात चालत नाही म्हणे. म्हणजे आईचं बोलणं घरीच राहिलं.

या आजारानं तिचा एकेक स्नायू काढून घेतला. आधी जीभ. मग पाय. आता छाती. बोटं तेवढी नेटानं टिकून आहेत. टिकणारच — जन्मभर टायपिंगचा वर्ग चालवला त्या बोटांनी.

घरच्या संगणकावर तिची जुन्या टाइपरायटरची मांडणी आहे. एकबोट्यानं बसवून दिली. हा आईचा जुना विद्यार्थी, आता संगणक दुरुस्तीचं दुकान चालवतो. वर्गात एकाच बोटानं ठोकायचा म्हणून आईनं ठेवलेलं नाव. अजून फोन केला की "मी एकबोट्या बोलतोय" असंच सांगतो. आईची बोटं थकायला लागली तेव्हा त्यानंच वरच्या ओळीतल्या कळांना एकेक आख्खं बोलणं दिलं. पहिली कळ 'हो'. दुसरी 'नको'. तिसरी 'पाणी'. चौथी 'कूस बदल'. अशा सगळ्या. शेवटची आईनं स्वतः टाइप करून मागून घेतली — 'गप्प बस'. संगणकाचा आवाज तिला आवडेना, म्हणून ही सगळी बोलणी मी माझ्या आवाजात भरून दिली. तेव्हापासून घरात मीच मला गप्प बसवते.

५ नोव्हेंबर, बुधवार

वॉर्डातून चाकांच्या स्टँडवर एक संगणक मिळाला. आईनं हात ठेवले, नजर समोरच्या भिंतीवर, आणि सावकाश काहीतरी टाइप केलं. पडद्यावर आलं काय, तर एक सुटा उकार, दोन रफार, मध्येच टक्क्याचं चिन्ह, आणि 'न' 'न' 'न'.

सिस्टर हळूच म्हणाल्या, "आजी जरा गोंधळल्यात हो. ऑक्सिजन कमी पडला की होतं असं."

आजी गोंधळल्या नव्हत्या. या संगणकात अक्षरांच्या जागा वेगळ्या, एवढंच. आईच्या 'क'च्या घरात इथे भलतंच कुणी राहतं. मला हे कळलं कारण माझंही असंच होतं. माझ्या लॅपटॉपवर एक मांडणी, प्रकाशकांच्या ऑफिसात दुसरी, धाकट्याच्या घरी तिसरी. दिसायला सगळे कीबोर्ड एकमेकांचे जुळे भाऊ. स्वभाव कुणाचा कुणाशी जुळत नाही. मी निदान खाली बघून टाइप करते, कोंबडी दाणे टिपते तशी. त्यामुळे चूक लगेच दिसते. आई बघत नाही.

बघायचंच नाही, हा तर तिचा धर्म. वर्गात प्रत्येक मशिनवर ती लाकडी झाकण ठेवायची, हात घालायला खालून फट. कुणी वाकून फटीतून डोकावलं की मागून आवाज यायचा — "डोळे वर." बोटांना आपलं घर माहीत असतं म्हणायची, तुम्ही सारखं बघत राहिलात की ती बिचकतात. आणि तिचीच मुलगी दोन बोटांवर लेखिका झाली! "लोकांना सांगू नकोस हं माझी मुलगी आहेस ते," असं चारचौघांत सांगायची, आणि मग माझं पुस्तक काढून दाखवायची.

सिस्टरना सांगितलं, अक्षरांच्या जागा बदलल्यात, बाकी काही नाही. त्या म्हणाल्या, "उद्या थेरपिस्ट मॅडम येतील, त्यांना सांगा."

६ नोव्हेंबर, गुरुवार

स्पीच थेरपिस्ट आली. मॅडम कसली, मुलगीच आहे. आखूड केस, शांत. जुन्या टाइपरायटरची मांडणी या संगणकात नाही. बसवायची तर संगणक विभागाची परवानगी लागेल. "तोवर आजींना वरच्या ओळीची बटणं देते. आमच्या प्रोग्रॅममध्ये तयार आहेत." मी घरच्या कळांचं सांगितलं. ती म्हणाली, "हो, तीच वाक्यं असतात बहुतेक. हो, नको, पाणी, दुखतंय." मला हायसं वाटलं.

तिनं कळांवर छोट्या पांढऱ्या पट्ट्या चिकटवल्या, प्रत्येकीवर तिचं बोलणं. आवाज पुरुषाचा, बँकेच्या फोनवर असतो तसा. आईनं पट्ट्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बोटानं ओळीची कड चाचपली, पहिली कळ कुठे ते बघून घेतलं — बोटानंच — आणि नजर परत भिंतीवर.

सवय जात नाही म्हातारीची.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज मोठे डॉक्टर खुर्ची ओढून आईजवळ बसले. उभ्यानं बोलले नाहीत.

"आजी, छाती आता एकटीनं फार दिवस ओढणार नाही. गळ्याला लहानसं छिद्र पाडून श्वासाचं यंत्र जोडता येईल. घरी नेता येईल. पण एकदा जोडलं की ते कायमचं. आयुष्य वाढेल. आजार मात्र थांबणार नाही, हातही जातील. यंत्र लावायचं का? सावकाश सांगा."

मी डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत होते. ते काय म्हणाले त्यापेक्षा कसं म्हणाले हे शोधत. तेवढ्यात कळ वाजली.

"नको."

तो बँकेतला आवाज. डॉक्टरांनी थोडं थांबून पुन्हा विचारलं. पुन्हा तीच पहिली कळ.

"नको."

धाकटा पायथ्याशी उभा होता, आईच्या अगदी समोर. त्यानं पलंगाचा दांडा धरला. डॉक्टर म्हणाले, "ठीक आहे आजी. त्रास होऊ देणार नाही आम्ही." कागदावर काहीतरी लिहिलं आणि जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात अजून तिथेच आहे असं वाटतंय.

९ नोव्हेंबर, रविवार

लिहवत नाही.

टाइपरायटरची घंटी आठवते आहे सारखी. ओळ संपत आली की वाजायची. आई वर्गाला सांगायची, घंटी वाजली की हातातला शब्द पुरा करायचा आणि ओळ सोडायची, पुढे रेटायचं नाही. माझ्या गोष्टी वाचून म्हणायची, "तुझी घंटी कधीच वाजून गेलेली असते, आणि बाईसाहेब ठोकतायत आपल्या."

१० नोव्हेंबर, सोमवार

आजचं लिहायलाच हवं.

दुपारी आईचे ओठ सुकलेले दिसले. मी वाटीत स्पंज भिजवत होते, तिची नजर वाटीवर. तिनं तिसरी कळ दाबली. यंत्र म्हणालं, "थंडी वाजते." मी स्पंज ठेवला आणि ब्लँकेट ओढलं. पुन्हा तिसरी कळ. "थंडी वाजते." दुसरं ब्लँकेट आणलं. कपाळावर घाम, आणि डोळ्यांत असा संताप — वर्गात कुणी चौथ्यांदा तीच चूक केली की असायचा तो.

मग मी पट्ट्या वाचल्या. नीट, डावीकडून. तिसरीवर 'थंडी वाजते'. पाणी कुठेतरी पार पलीकडे. घरी तिसरी म्हणजे पाणी! आईची बोटं घरच्या कळा दाबत होती.

आणि पहिली?

पहिलीवर 'नको'. दुसरीवर 'हो'.

घरी पहिली कळ म्हणजे 'हो'.

आईला पाणी दिलं, ब्लँकेटं काढली, वाकून विचारलं — आई, परवा तुला 'हो' म्हणायचं होतं ना? तिनं डोळे मिटले. मिटूनच ठेवले. पापण्या हल्ली आपोआपही मिटतात, डॉक्टर त्या खुणेवर भरवसा ठेवत नाहीत. पण मला कळलं. हो म्हणूनच ना? दुसरं काय असणार.

बाहेर धाकटा चहा घेऊन येत होता. त्याला भिंतीशी थांबवून सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "तिनं पट्टी वाचली असेल, ताई."

"आई? कळांकडे बघेल? आयुष्यात कधी बघितलंय?"

तो चहाच्या कपाकडे बघत बसला. लहानपणापासून असाच. आपण आभाळ कोसळल्यासारखं धावत यावं आणि यानं चहा निवतोय का ते बघावं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं होतं, मुलीला पटत नाहीये असं म्हणतील. ते म्हणाले, "शंका आहे ना? मग पुन्हा विचारायलाच हवं. त्यांच्या सवयीच्या बटणांवर विचारू."

मी म्हटलं, मग आत्ताच सांगू या का तिला, की इथे पहिली म्हणजे नको?

"नको, तसं नको. आधीच दोन सवयी एकात एक अडकल्यात, आपण तिसरी घालायची नाही. हा प्रश्न मला नि:शंक उत्तराचा हवाय. पण फार दिवस हातात नाहीत, एवढं लक्षात ठेवा."

थेरपिस्ट प्रशिक्षणाला गेलीय, गुरुवारी येईल. संगणकाच्या आतलं काही बदलायला कुलूप. किल्ली संगणक विभागाकडे, आणि ते म्हणतात मॅडम आल्याशिवाय नाही. मग सुचलं — घरचा कीबोर्डच आणून जोडला तर? आईच्या ओळखीच्या कळा! सिस्टर म्हणाल्या, "कीबोर्ड काय, जोडा की. त्याला कुलूप नाही."

धाकट्याला फोन केला. कामावर होता, लिफ्टच्या खोलीत, मोटारीचा आवाज येत होता. लिफ्ट दुरुस्त करतो तो. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तू म्हणतेस तर आणतो."

असा उत्साह! चिडले मी जरा त्याच्यावर. आईचा श्वास यंत्रावर का होईना चालेल, आणि याला आनंद म्हणून नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

बसनं आला. गर्दीत उभा राहिला नाही, दोन बस सोडल्या बसायला मिळावं म्हणून. कीबोर्ड टॉवेलात गुंडाळून मांडीवर ठेवून आणला, तान्हं मूल आणावं तसा. जुना, जड, पिवळा पडलेला. अर्ध्या कळांवरची अक्षरं पुसून गेलेली. आईचं त्यानं कधीच अडलं नाही.

जोडला. तिचा हात उचलून त्यावर ठेवला. बोटं अशी पसरली त्याच्यावर — घरी आल्यासारखी. मी म्हटलं, "आई, 'हो' म्हण. नुसतंच, बघू या म्हणून."

पहिली कळ.

"नको."

तोच बँकेतला आवाज. मला काही कळेचना. कीबोर्ड आपला, कळ आपली, बोट आपलं, आणि बोलणं त्यांचं!

एकबोट्याला फोन लावला. तो बिचारा गिऱ्हाईक सोडून बोलला. "ताई, कीबोर्ड मुका असतो हो. कितव्या घरातलं बटण दाबलं एवढंच तो आत कळवतो. त्या घरात कोण राहतं ते आतला संगणक ठरवतो. नुसता दरवाजा नेऊन काय होणार? आतली माणसं घरच्या मशिनमध्येच राहिली. ती मी तुमच्या घरी जाऊन पेनड्राइव्हवर काढून देतो. तिथल्या लोकांनी भरली पाहिजेत फक्त."

मी फोन ठेवला आणि स्टँडला टेकून उभी राहिले. धाकटा तारा गुंडाळत म्हणाला, "लिफ्टमध्येही तेच. बटण बदलून मजला बदलत नाही."

"मग काल का नाही सांगितलंस?"

"तुला आणून बघायचं होतं," म्हणाला.

कीबोर्ड काढायला गेले तर आईनं बोटं उचलली नाहीत. राहू दिला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

थेरपिस्ट आली. मी सगळं सांगत असताना तिचा चेहरा उतरत गेला. "वाक्यं तीच आहेत का एवढंच बघितलं मी. क्रम विचारलाच नाही तुम्हाला." मीही कुठे विचारला होता.

'नको' पहिलं का, तेही तिनं सांगितलं. "मुद्दाम आहे ते. अशक्त माणसाचं बोट चुकून पडतं ते बहुधा पहिल्या बटणावर. मग चुकून गेलाच तर नकार जावा, होकार जाऊ नये. नकार दिला तर आम्ही पुन्हा विचारू शकतो. होकारावर सुई टोचून झालेली असते."

पटलं मला. वाईट कुणीच वागलं नाही. घरी आम्ही 'हो' आधी ठेवला, कारण घरात आई दिवसभर हो म्हणत असायची. पंखा लावू? हो. टीव्ही बंद करू? हो. इथे त्यांनी 'नको' आधी ठेवला, कारण इथे दिवसभर माणसांना काहीतरी टोचत असतात. दोघंही बरोबर. आणि मधे आईचं एक बोट.

संगणक विभागाचा माणूस कपाळाला आठ्या घालून आला, पण कुलूप काढून दिलं. धाकट्यानं दुकानातून पेनड्राइव्ह आणला होता, सोबत निरोप — "बाईंना सांगा, मी आता दोन बोटांवर आलोय." आईच्या तोंडाचा एक कोपरा हलला. तेवढाच हलतो आता, पण हलला.

सगळं भरलं. अक्षरांची मांडणी टाइपरायटरची, वरच्या कळा घरच्या क्रमानं, आवाजही घरचा. थेरपिस्टनं जुन्या कीबोर्डवर पट्ट्या चिकटवल्या. लावाव्याच लागतात, नियम आहे. पहिलीवर 'हो', दुसरीवर 'नको'. या वेळी मी आणि तिनं मिळून मोठ्यानं वाचल्या.

आईनं तिसरी दाबली. "पाणी," मी म्हणाले — म्हणजे संगणक म्हणाला. दिलं. चौथी. "कूस बदल." बदलली. मी रडायला लागले, अगदी आवाज करून, सिस्टर धावत आल्या. तेव्हा आईनं हात सरकवत सरकवत शेवटच्या कळेपर्यंत नेला.

"गप्प बस."

माझाच आवाज, वर्षापूर्वीचा, चांगला खणखणीत. सिस्टरना हसू आवरेना. थेरपिस्ट म्हणाली, "हे आमच्या यादीत हवं होतं."

शनिवारी डॉक्टर विचारणार.

संध्याकाळी घरी जाऊन पुढची खोली बघितली. कपाट हलवलं तर पलंगाशेजारी यंत्राला जागा होते. खिडकीही समोर येते. धाकट्याला म्हटलं, तिथे प्लग काढून देशील ना? वीज गेली तर बॅटरीवर किती चालतं, कुणाला विचारू?

"बघू," म्हणाला.

"बघू काय? लागेलच ना!"

"देईन काढून, ताई." आणि उगाच भिंत चाचपत राहिला, जिथे प्लग यायचा तिथे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज दिवस बरा गेला. ऊन पार पलंगापर्यंत आलं होतं. मी आईशेजारी बसून लॅपटॉपवर माझ्या गोष्टीचं काम करत होते. थोड्या वेळानं टक्... टक्... असा आवाज. आई टाइप करत होती. एकाच बोटानं, दोन अक्षरांमध्ये विश्रांती घेत. ती वाक्य टाइप करेल ही आशा मी सोडली होती. मी पडद्याकडे बघत राहिले. काय सांगायचं असेल? उद्याचं काही? माझ्यासाठी काही?

अक्षरं एकेक करून उभी राहिली. या वेळी सगळी आपापल्या घरात.

'डोळे वर'

माझी दोन्ही बोटं लॅपटॉपवर तशीच, मान खाली. ती केव्हाची बघत होती मला!

खूप हसले. तिचा गाल माझ्या गालाला लावला. म्हटलं, शिकेन ग. आता वेळ आहे आपल्याला, घरी गेलीस की शिकव. झाकण ठेवून शिकव.

तिनं कुठलीच कळ दाबली नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

डॉक्टरांनी तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारला. या वेळी मी आईकडे बघत होते.

तिनं मान सावकाश खाली केली. कळांकडे बघितलं. पहिलीवरची पट्टी वाचली. दुसरीवरची वाचली. मग दुसरी दाबली.

"नको." माझ्या आवाजात.

बाहेर बाकावर धाकटा म्हणाला, "त्या दिवशीही तिनं खाली बघितलं होतं, ताई. मी समोरच होतो."

आणि तरी तो कीबोर्ड मांडीवर घेऊन आला.